बोंडल्यातली कॉफी

आमच्या आणि शेजारच्या वैनींच्या मधली भिंत जेमतेम चार फुटांची. कोपर टेकवून उभं राहायला अगदी बेताची. गोडलिंबाच्या झाडाजवळ त्या भिंतीचं सिमेंट दोन जागी गुळगुळीत झालंय. एक माझ्या कपाची जागा, दुसरी वैनींच्या ग्लासची. अकरा वर्षं रोज चार वाजता आम्ही तिथं उभ्या. मी इकडून, त्या तिकडून. पाऊस असला तर छत्री धरून, पण उभ्या.

आमच्या अमरावतीत तसा चहाचाच कारभार. कॉफी म्हणजे पाहुण्याला विचारायची गोष्ट, नाहीतर सर्दी झाल्यावर जायफळ किसून प्यायची. वैनींचं तसं नव्हतं. त्यांचं माहेर परतवाड्याचं. तिथून चिखलदरा हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटलं की चिखलदराच, त्यामुळं त्यांच्या घरी लहानपणापासून वरून आलेल्या पुड्या. इथं मात्र त्या बाटलीतलीच पूड वापरायच्या. दोन चमचे पूड, दोन चमचे साखर, पाण्याचे चार थेंब, आणि मग जे फेटणं सुरू व्हायचं! स्टीलच्या ग्लासात चमच्याचा तो कटकटकट आवाज भिंतीपलीकडून आला की मी माझ्या कॉफीचं आधण ठेवायची. पांढरट फेस आला की वरून उकळतं दूध, तेही साईसकट. ग्लास म्हणजे लस्सीचा ग्लास बरं का, पाव लिटरचा.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि आठवड्यानं वैनी नागपूरला गेल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, हर्नियाचं लहानसं ऑपरेशन आहे, आठ-दहा दिवसांत येतेच." मी म्हटलं, बरं. कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं.

दहा दिवसांनी परत आल्या. अकराव्या दिवशी चार वाजता भिंतीशी आल्या. मी आपली कौतुकानं त्यांच्यासाठी कॉफी करून नेलेली, जायफळ घालून. तर म्हणतात, "नको ताई. मी नाही घेत सध्या."

मी कप भिंतीवर ठेवला आणि त्यांच्याकडं पाहातच राहिले. माझ्या नणंदेचं हर्निया झालं, दिरांचं झालं. तिसऱ्या दिवशी दोघंही चहाला बशी मागत होते. हर्नियासाठी कॉफी सोडणारी बाई मी पाहिली नव्हती. आणि सोडणारी कोण, तर ही!

आता मी चौकस आहे हे मी नाकारत नाही. पण शोध घ्यावा लागला नाही, गोष्टी आपणहूनच दिसत गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दर दोन तासांनी मिक्सर फिरायचा आणि फोडणीचा वास मात्र नाही. कचऱ्यात प्रोटीन पावडरचा मोठा डबा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, भिंतीवर त्यांच्या ग्लासच्या जागी एक दिवस चांदीचं बोंडलं दिसलं. बोंडलं! त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, सून नाही, नातवंड नाही. मग हे बोंडलं कोणासाठी?

समोरच्या मावशींना मी इतकंच म्हटलं की वैनींनी कॉफी सोडली. बस. संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन बातम्या फिरत होत्या. एक, कावीळ झाली. दोन, नवस बोलला. तीन, नागपूरला जाऊन चरबी काढून आणली. ही तिसरी खऱ्याच्या जवळची निघाली, पण तीही चूकच.

शेवटी वैनींनीच सांगितलं. भिंतीवर बोंडलं ठेवलं, डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, वजनाचं ऑपरेशन केलं. कोणाला बोलू नका."

मी म्हटलं, "मी कोणाला कशाला सांगते?" हे म्हणताना माझी जीभ अडखळली, ते त्यांना कळलं असणार.

"चरबी काढली का?" मी हळूच विचारलं.

"चरबीला हातही नाही लावला. पोट कापलं." त्यांनी कुंडीतला खडू उचलला, मुंग्यांसाठी मारतो ना आपण तो लक्ष्मणरेषेचा, आणि भिंतीवर चित्र काढलं. आधी एक फुगलेली पखाल. मग तिच्या मधून एक उभी रेघ. "रेघेच्या या बाजूचा पाऊण हिस्सा काढून टाकला. स्टेपलरनं. कापत जाते आणि टाचत जाते. उरलं ते केळासारखं. दीडशे मिली मावलं तरी खूप." याला स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. शिवणकाम येत असल्यानं मला ते चटकन समजलं. घेरदार झग्याची बाही करून टाकली. दुसरं एक ऑपरेशन असतं, बायपासचं. त्यात पोटाची अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती आतड्याला पुढं नेऊन जोडतात. वैनींचं ते नव्हतं.

एकशेचार किलो वजन होतं त्यांचं, उंची पाच फूट दोन. म्हणजे बीएमआय बेचाळीस. मधुमेहाच्या गोळ्या, गुडघे, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला लावायचं मशीन. ते मशीन मला माहीतच नव्हतं, अकरा वर्षांत! मला त्यांच्या मामेसासूच्या बांगड्यांचं वजन माहीत होतं. विमा कंपनीनं पैसे दिले ते या बेचाळीसमुळं. चाळीसच्या वर असेल, किंवा पस्तीसच्या वर असून असे मोठे आजार असतील, तर विम्यात बसतं म्हणे.

"आणि कॉफी?"

"तेच तर सांगून राहिले ना."

ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी डायटिशियन बाईंनी बजावलं होतं की कॉफी हळूहळू कमी करा. वैनींनी मान डोलावली आणि कमी केली नाही. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की त्यांना वाटलं भूल उतरताना काही बिघडलं. सिस्टर आल्या, बीपी पाहिलं, सगळं ठीक. मग डॉक्टर आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चहा-कॉफी किती घेता?"

वैनी म्हणाल्या, "दोन वेळा."

खुर्चीत बसलेले भाऊजी पेपर बाजूला न करता म्हणाले, "सहा."

म्हणजे डोकं कापल्यानं दुखत नव्हतं, कॉफी तुटल्यानं दुखत होतं. रोजची सवय एकदम तोडली की दिवसभरात सुरू होतं आणि कधी कधी आठवडाभर पुरतं. त्यात घरात असते ती कोणतीही वेदनाशामक गोळी मनानं घ्यायची नाही. अशा पोटात त्यातल्या काही गोळ्यांनी व्रण होतात. डॉक्टरांनी दिलं तेवढंच पॅरासिटामॉल. "ताई, टाके दुखले नाहीत हो एवढे," वैनी म्हणाल्या.

पेपरातलं मला आठवत होतं. २०२४ च्या मे महिन्यात आयसीएमआरनं आहाराचे नियम काढले होते, तेव्हा चहा-कॉफीवरून घरोघरी वाद झाले. दीडशे मिली झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन, गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, आणि दिवसाची मर्यादा ३००. वैनींचा ग्लास पाव लिटरचा, त्यात पूड दोन चमचे, आणि ग्लास सहा. मी मनात हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

कॉफी का नको, याची कारणं त्यांना पाठ होती. ताजी शिवण आतमध्ये, आणि कॉफीनं पोटातलं आम्ल वाढतं. त्यातून पोटाची झाली नळी. नळीत दाब जास्त, त्यामुळं आंबट पाणी वर घशाशी यायला वेळ लागत नाही. शिवाय मुख्य म्हणजे जागाच नाही. दिवसाला दीड लिटर पाणी पोटात जायला हवं आणि साठ ग्रॅम प्रोटीन, आणि एका वेळी जातं किती? "एका वेळी तीस मिली. औषधाच्या झाकणानं मोजून पाहिलं, तर आमच्या पोराचं बोंडलं बरोबर तेवढंच निघालं." दर पंधरा मिनिटांनी एक बोंडलं. पाण्याचं, ताकाचं, डाळीच्या पाण्याचं. मोबाइलवर घंटा वाजायची. स्ट्रॉ नको, हवा जाते. सोडा तर नकोच. जेवणाबरोबर पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको. मी ते ऐकता ऐकता एका घोटात अर्धा कप संपवला आणि मलाच लाज वाटली.

"भूक नाही लागत?"

"लागतच नाही! भुकेचा तो काही हार्मोन असतो, घ्रेलिन. तो पोटाच्या वरच्या भागात बनतो आणि तो भागच गेला कापलेल्या हिश्शासोबत. समोर श्रीखंड ठेवा, मी बघणार नाही. पण चार वाजले की..." त्यांनी माझ्या कपाकडं पाहिलं. वाफ येत होती. "ते काही पोटात नव्हतं, ताई. ते इथंच राह्यलं."

असं म्हणून त्यांनी भिंतीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉफी स्वयंपाकघरात उभ्यानं संपवून मग भिंतीशी जायची. चौथ्या दिवशी त्यांनीच झापलं. "घेऊन या कप इकडं. वास तरी येऊ द्या." मग मी कप त्यांच्या बाजूला ठेवायची. त्या बोंडल्यातून जिऱ्याचं पाणी पीत वास घ्यायच्या.

हे सगळं ठीक चाललं होतं, आणि मग लग्न आलं. माझ्या भाचीचं. ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. वैनी मऊ खाण्यापर्यंत पोचल्या होत्या, मुगाची घोटलेली खिचडी दोन-तीन चमचे. काठापदराची साडी नेसून आल्या. ब्लाउज आतून दोन्ही बाजूंनी टाचलेला. कार्यालयाच्या दारातच ते मशीन होतं, फुस्सकन वाफ सोडणारं, ज्याच्यातून लग्नात कॉफी येते. वर फेस, फेसावर चॉकलेटची पूड. तुम्हाला माहीत आहे ती कॉफी. घरी कोणी केली तर आपण फेकून देऊ, पण लग्नात रांग लावतो.

आणि कप कोणी आणून दिला? मीच. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, बाई पाच आठवडे वास घेऊन राहिली, आज माझ्या घरचं कार्य, एक घोट घेतला तर काय होतं. म्हटलं, "घ्या हो वैनी, एवढीशी तर आहे."

त्यांनी कप घेतला आणि सवयीनं प्यायल्या. बोंडल्याची सवय पाच आठवड्यांची, ग्लासची तीस वर्षांची. तीन घोट. चौथा घेताना थांबल्या. कप माझ्या हातात दिला, छातीच्या मधोमध बोट ठेवलं आणि नुसत्या माझ्याकडं पाहात राहिल्या. कपाळावर घाम. तोंडात लाळ सुटत होती ती गिळता येईना. मी त्यांना आइस्क्रीमच्या काउंटरमागं नेलं, पालथ्या टोपलीवर बसवलं. तिथं त्यांना उलटी झाली, नुसता फेस, त्यावर चॉकलेटची पूड तशीच. वीस मिनिटं त्यांचा हात माझ्या हातात होता आणि छातीतली धडधड मला मनगटात लागत होती. बाहेर मंगलाष्टकं चालू. माझ्याच भाचीच्या अक्षता माझ्या मुठीत ओल्या झाल्या.

फार काही झालं नव्हतं, तेवढं देवाचं. भाऊजींनी तिथूनच फोन लावला. डायटिशियन म्हणाल्या, गरम, गोड, फेसाळ आणि घाईनं, चारही चुका एका कपात. पुन्हा दोन दिवस नुसतं पातळ घ्या, आणि दुखणं थांबलं नाही किंवा ताप आला तर सरळ निघून या. दुखणं थांबलं. पण तिथं आइस्क्रीमला रांग होती आणि रांगेत आमची अर्धी गल्ली. गुपित संपलं.

त्यानंतरचं मला सांगायला आवडत नाही. समोरच्या मावशी, ज्या आयुष्यात कधी एका नळावरून दुसऱ्या नळापर्यंत चालल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "शॉर्टकट घेतला म्हणा की! आम्ही नाही का काळ्या कॉफीत लिंबू पिळून पीत?" तो लिंबू-कॉफीचा मेसेज त्यांना व्हॉट्सअॅपवर आला होता, त्यानं चरबी वितळते म्हणे. त्या पाच महिने पिऊन राहिल्या आहेत. वितळली असेल तर फक्त दातांवरची चकाकी. कोपऱ्यावरच्या मॅडम म्हणाल्या, पैसा असला की काय, पोटही कापून मिळतं.

शॉर्टकट! मला ती मोबाइलची घंटा आठवते. दर पंधरा मिनिटांनी. पहाटे उठून भिजवलेली डाळ, ती वाटायची, ती गाळायची, त्यातून तीन चमचे पोटात. जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा कंगव्यातला गुंता त्या भिंतीवरून मला दाखवायच्या, एखाद्या नमुन्यासारखा. येतात म्हणे परत, वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं. इतका लांबचा शॉर्टकट मी पाहिला नाही. पण मी मावशींना उलटून बोलले का? नाही बोलले. कारण पहिली बातमी माझ्याच तोंडून गेली होती.

कॉफीला परवानगी मिळाली ती अडीच महिन्यांनी. नियम असे: अर्धा कप. साखर नाही, साय नाही. जेवणाला धरून नाही. आणि लोहाच्या गोळीच्या दोन तास अलीकडं-पलीकडं नाही, कारण चहा-कॉफीतले काही पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. पोट लहान केलेल्या माणसाचं लोह आधीच कमी पडतं.

मी म्हटलं, "म्हणजे कॉफीबरोबर लोहाची गोळी घ्यायची नाही?"

"मुळीच नाही."

"पण मी तर..."

दोन वर्षं झाली माझं हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही. डॉक्टर गोळी बदलतात, मी इमानेइतबारे घेते. कधी? चार वाजता. विसरायला नको म्हणून, भिंतीशी उभं राहून, कॉफीच्या घोटाबरोबर. वैनींनी कपाळाला हात लावला. मग इतक्या हसल्या की त्यांनाच पोट धरावं लागलं. आता मी ती सकाळी लिंबूपाण्यासोबत घेते. परवा तपासलं, साडेदहा आलंय.

मुलानं पुण्याहून डिकॅफचा डबा आणला होता. मी वैनींना म्हटलं, कॉफीतून कॉफी काढली तर उरलं काय? त्या म्हणाल्या, "पोटातून पोट काढून मी उरलेच ना." पण तो डबा काही चालला नाही, तसाच फडताळात आहे.

परवानगीची पहिली कॉफी आम्ही थाटात केली. भाऊजींनी परतवाड्याहून पूड मागवली. वैनींनी फेटली नाही, साखरच नसल्यावर फेटणार काय. पातळ दूध, कोमट, आणि अर्धा कप वेगळा काढून त्यातून बोंडल्यात. चारचं त्यांचं आता कॅल्शियम असतं, म्हणून वेळ साडेपाचची ठरली. एप्रिलचं ऊन थेट डोळ्यांत. आम्ही भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकलो, सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावलीय तिकडं.

त्यांनी बोंडलं तोंडाला लावलं. थांबल्या. तोंड वाकडं केलं.

"काय झालं? छातीत?"

"नाही हो. कडू आहे." पुन्हा एक थेंब. "जळकी लागते. अशीच असायची का?"

मी माझी दिली चाखायला, दोन चमचे साखरेची. जिभेवर टेकवून परत केली. "बाप्पा! पाक पिऊन राहिल्या का तुम्ही?" चव बदलते म्हणे पुष्कळांची या ऑपरेशननंतर. आवडीचंच नावडतं होतं. मला वाटलं, झालं, आता या कॉफी सोडणार आणि मी एकटीच इथं उभी राहणार. पण त्यांनी तो अर्धा कप संपवला. पाऊण तास लागला. तेवढ्यात माझी दोनदा थंड झाली, दोनदा साय धरली, एकदा मुंगी पडली.

आता श्रावण लागलाय. वजन एक्याऐंशीवर आहे, नाकाचं मशीन माळ्यावर गेलंय, साखरेच्या दोन गोळ्यांतली एक बंद झाली. कॉफीची चव परत आली, पण पहिल्यासारखी नाही, असं त्या म्हणतात. भिंतीच्या या टोकाला अजून खरखरीत आहे, कप नीट बसत नाही, डुगडुगतो. काल रिमझिम होती. मी छत्री धरली, त्यांनी बोंडलं पदरानं झाकलं. मी त्यांच्या तब्येतीचं विचारायला लागले तर हातानंच गप्प केलं मला.

"माझं पुरे झालं हो, ताई. तुम्ही हे पाहिलं का? समोर काल रात्री अकराला टेम्पो आला होता. अख्खं सामान उतरवलं, आणि मावशींनी आवाज नाही केला."

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि कोपर टेकवलं.